कालव्यात न गेलेला भोपळा

मी भोपळा बोलतोय. हसा, आधी हसून घ्या. पोराला गणितात शून्य मिळालं की तुम्ही म्हणता, भोपळा मिळाला. दोघांचं पटेनासं झालं की म्हणता, विळ्या-भोपळ्याचं सख्य. अहो, विळ्याशी माझी उभ्या जन्मात गाठ पडलेली नाही, तरी नाव माझंच खराब. ते मी कधीच मनावर घेतलं नाही. पण माझ्या नावावर एक खोटं बोललं गेलं, आणि ते तीस वर्षं चाललं. ते मात्र मला लागलं. आज तेवढं सांगतो आणि गप्प बसतो.

मी भाजीचा भोपळा नव्हे, कडू जातीचा. जुन्नर तालुक्यात पिंपळवंडी गावात हौशीरामनानांचा मळा आहे. त्यांच्या गोठ्याच्या छपरावर साळुबाईंनी वेल चढवला होता, त्यावर माझा जन्म झाला. आम्ही दोघं भाऊ एकाच वेलावर वाढलो. बाकीचे भोपळे कोवळेपणी कुजले, पडले, एकात माकडानं दात घातले. आम्ही दोघं मात्र उन्हात वाळून खडखडीत झालो. हलवलं की पोटात बिया वाजायच्या.

नानांनी आम्हाला चुलीच्या वर महिनाभर धुरात टांगलं, म्हणजे कीड लागत नाही. मग घायपाताची दोरी वळली आणि आमच्याभोवती जाळी विणली, शिंकाळ्यासारखी. एकेक गाठ दातानं आवळली. त्या माणसाच्या हाताला फार चांगली गाठ यायची, हे मला कबूल करायलाच हवं.

आम्हाला कशासाठी तयार केलं ते तुम्हाला कळलं असेल. पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला बांधायला. नानांना दोन लेकरं. मोठी वृषाली, अकरा वर्षांची, आणि तिच्या मागचा आदेश, नऊ वर्षांचा. भाऊ आदेशच्या पाठीवर गेला आणि मी वृषालीच्या.

मळ्यातली विहीर जुनी, दगडी, चांगली चाळीस फूट रुंद. नाना पायऱ्यांवर उभे राहायचे आणि पोरीला सरळ ढकलून द्यायचे. "हान पाय! हान! भोपळा हाय की पाठीला, मरत न्हाईस!" वृषाली पहिल्या दिवशी इतकं पाणी प्यायली की संध्याकाळी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी नानांच्या आधी विहिरीवर जाऊन बसली.

विहिरीत पोहायचं म्हणजे गोल फिरायचं, दुसरं काय करणार? पायऱ्यांच्या उजव्या अंगाला मोटारीचा पाइप होता, म्हणून उडी टाकली की सगळी पोरं डावीकडे वळायची. भिंत उजव्या हाताला ठेवायची आणि डावीकडे वळत राहायचं. मी तिच्या पाठीवर बसून किती गरगर फिरलो असेन, त्याला गणती नाही. फार मजेचे दिवस होते ते.

आमच्या भागात पोहणं शिकवायची एक रीत होती. आधी विहीर. विहीर जमली की कालवा. कालव्याचं पाणी वाहतं, म्हणून तिथं पहिल्या दिवशी पुन्हा भोपळा बांधायचा. कालवा जमला की येडगावचं धरण. धरणात पोहून आलेल्या पोराला मग कुणी शिकाऊ म्हणत नसे.

वैशाखातल्या एका सकाळी नानांनी विहिरीवर माझी गाठ सोडली. वृषाली बिनभोपळ्याची चार फेऱ्या फिरली. वर आली तेव्हा दात वाजत होते, पण तोंड बंद होत नव्हतं. "नाना, आता कालवा! नाना, कालव्यात कवा?"

"परवा जाऊ. उद्या मला बेल्ह्याच्या बाजाराला जायचंय. परवा नक्की. भोपळा घिऊन ठिव."

तिनं मला रात्रभर उशाला घेऊन ठेवलं. मीही खुशीत होतो. विहिरीतलं पाणी मुकं असतं. वाहतं पाणी कसं असतं ते मला बघायचं होतं.

नाना बाजारातून आले ते तोंड पाडून. साळुबाईंनी पाण्याचा तांब्या दिला तर तो तसाच हातात धरून बसले. मी तिथंच खुंटीला होतो, म्हणून सगळं ऐकलं. भावकीतले गेणभाऊ बाजारात भेटले होते. चार माणसांत म्हणाले होते, "हौशीराम, पोरगी आता थोराड झाली राव. कालव्यावर पोरांच्या घोळक्यात वल्ल्या कापडानं नाचवतो व्हय तिला? उद्या सोयरीक कोन करील?"

"मंग तुमी काय म्हनला?" साळुबाईंनी विचारलं.

"काय म्हननार? मान हालवली अन् आलो."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत वृषाली फ्रॉकची गाठ मारून तयार. नाना मला हातात घेऊन अंगणात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आज न्हाई जमायचं, बाय. भोपळ्याला चीर गेलीय. पानी शिरंल."

मला! चीर! अहो, मी तेव्हा घागरीसारखा खणखणीत होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. गेणभाऊंना उलट बोलायची छाती झाली नाही, आणि पोरीला खरं सांगायचीही झाली नाही. मग राहिलो मी. मला तोंड नव्हतं ना!

त्यांनी मला गोठ्यात उंच आढ्याच्या खुंटीला टांगलं. आदेशला मात्र त्याच आठवड्यात कालव्यावर नेलं. माझा भाऊ कालव्यात गेला. पुढच्या वर्षी धरणात गेला, आणि तिथंच एका खडकावर आपटून फुटला. भोपळ्याला मरण यावं तर असं यावं. मी चांगला होतो, म्हणून धुळीत राहिलो. आमच्या छपरावर पुन्हा वेल चढवला नाही कुणी.

मला टांगलं त्याच दिवशी दुपारची एक गोष्ट आहे, ती नानांना ठाऊक नव्हती. सगळे जेवून पडले होते. वृषाली एकटी गोठ्यात आली. गव्हाणीवर चढली, तिथून आडव्या वाशाला धरून माझ्यापर्यंत पोचली. तिनं माझ्यावरून बोट फिरवलं. वरून, खालून, देठापाशी, जाळीच्या एकेका घरातून. मग मला कानाशी धरून हलवलं. बिया वाजल्या. तिनं मला पुन्हा खुंटीला अडकवलं आणि खाली उतरली.

मला वाटलं, आता संध्याकाळी घरात भांडण होणार आणि माझ्या नावावरचा डाग जाणार. कसलं काय! ती एका शब्दानं बोलली नाही. पुढची तीन-चार वर्षं दर उन्हाळ्यात ती गव्हाणीच्या कडेला येऊन बसायची. नाना धार काढत असायचे. ती एकदा माझ्याकडे बघायची, एकदा नानांच्या पाठीकडे. मला वाटायचं, पोरगी माझ्यावर रुसलीय. मग दहावी झाली, बारावी झाली, तिचं येणं बंद झालं. लग्न होऊन मंचरला गेली.

मधल्या वर्षांत माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. कोळ्यांनी जाळी केली. एक चिमणी माझ्या पाठीवर घरटं बांधू बघत होती, पण मी पडलो गोल, काडी ठरेना. शेवटी तिनं मला शिव्या दिल्या आणि गेली.

वृषाली पुन्हा माझ्या नजरेला पडली तेव्हा तिच्या कानशिलावर पांढरे केस होते. चाळिशीला आली होती. मंचरला तिनं रक्त तपासायची लॅब टाकली होती. नवरा सुदर्शन, स्वभावानं गरीब, एसटीत वर्कशॉपला. लॅबशेजारच्या डॉक्टर मंडळींचा सकाळी सायकल चालवायचा ग्रुप होता, त्यात ही शिरली. सायकलीवरून पळण्यावर आली. आणि एक दिवस माहेरी, गोठ्यासमोरच्या ओसरीवर बसून म्हणाली, "नाना, मी ट्रायथलॉनला नाव दिलंय. लांब पल्ल्याची. पयलीच हाय माझी."

"ते काय आसतं?"

"आधी दोन किलोमीटरला थोडं कमी पोहायचं. तसंच वल्ल्या अंगानं सायकलीवर बसायचं, नव्वद किलोमीटर. सायकल ठिवली की एकवीस किलोमीटर पळायचं. सगळं मिळून साडेआठ तासांत."

साळुबाई म्हणाल्या, "आन् त्या बदल्यात काय देत्यात?"

"पदक."

"येवढं करून पदक? आगं, त्यापरीस खुरपायला ये की माझ्यासंगं."

सगळे हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "पोहायचं कुठं?"

"येडगावच्या धरणात."

नानांनी मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण अगदी चुकलेल्या पोरासारखा दिसत होता.

मग सहा महिने ती दर शनिवार-रविवार यायची. मंचरला पोहायला तलाव नाही, पुण्याला जायला वेळ नाही, धरणात एकटीनं उतरायला मनाई, आणि कालव्याचं नाव दोघांपैकी कुणीच काढलं नाही. राहिली आपली विहीर. नानांनी माणसं लावून विहिरीतला गाळ काढला, पायऱ्या घासल्या. ती पाण्यात फिरायची आणि नाना पायरीवर बसून फेऱ्या मोजायचे. उजव्या खिशात मक्याचे त्रेसष्ट दाणे. एक फेरी झाली की एक दाणा डाव्या खिशात. त्रेसष्ट दाणे इकडून तिकडे गेले की धरणाएवढं अंतर झालं. पंचावन्न मिनिटांत करायची ती. नाना गोठ्यात येऊन बैलाला सांगायचे, "पंचावन्न! बघ, पंचावन्न!" बैल बिचारा काय बोलणार.

आणि गोठ्यात आले की एकदा वर बघायचे, माझ्याकडे. मला कळायचं त्यांच्या मनात काय आहे ते. दर शनिवारी ठरवायचे की आज सांगू. दर रविवारी संध्याकाळी तिची गाडी मंचरला निघून जायची, आणि नाना फाटकापाशी उभे राहायचे.

शर्यत जानेवारीतली. त्या पहाटे नानांनी शिडी लावली आणि मला खाली काढलं. ओल्या फडक्यानं पुसलं, कोळिष्टकं काढली, टॉवेलात गुंडाळलं.

साळुबाई म्हणाल्या, "आहो, त्यो भोपळा कशाला? पुन्याची लोकं आल्याती तिथं. हासतील."

"हासू दे," नाना म्हणाले. "मला त्याचं काम हाय."

आदेश आदल्या दिवशीच चाकणहून आला होता, त्याच्या गाडीतून आम्ही येडगावला गेलो. मी पहिल्यांदा धरण पाहिलं. केवढं ते पाणी! त्यावर धुकं तरंगत होतं. लांब पाण्यात केशरी रंगाचे मोठे फुगे सोडले होते, पोहणाऱ्यांना रस्ता दाखवायला. प्लास्टिकचेच, पण पोटात हवा भरून तरंगणारे, म्हणजे माझे भाऊबंदच म्हणायचे. मला थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

पाण्यात उतरायच्या आधी वृषाली पाया पडायला आली. डोक्याला रबरी टोपी, कपाळावर चष्मा. नानांच्या बगलेत मला पाहून थबकली. "आगं बाई! हा आजून हाय?"

नाना म्हणाले, "वृषाली, ह्यो भोपळा... तवा मी तुला..."

तेवढ्यात कर्णा वाजला, लोक पाण्याकडे सरकायला लागले. "काय, नाना?" तिनं विचारलं.

"काय न्हाई. सावकाश जा."

अहो नाना, काय म्हणावं तुम्हाला! तीस वर्षांत एक वाक्य निघेना, आणि निघालं ते 'सावकाश जा'.

बरोबर सातला सगळे पाण्यात पडले. शंभर-सव्वाशे माणसं असतील, त्यात बाया सात-आठ. सगळे सरळ पहिल्या केशरी फुग्याकडे निघाले. थोडा वेळ कोण कुठलं कळेना. मग आदेश डोळ्यांवर हात धरून म्हणाला, "नाना, ती हिरवी टोपी वृषालीची ना? आशी कुठं चाललीय ही?"

सगळे फुग्याकडे जात होते आणि एक हिरवी टोपी हळूहळू डावीकडे वळत होती. हात झकास पडत होते. दम चांगला होता. पण जात होती ती मासे धरणाऱ्यांच्या जाळ्यांकडे, डावीकडे, आणखी डावीकडे.

"वर बघून पोह म्हनून हजारदा सांगितलं व्हतं मी," आदेश म्हणाला. "पन ही आशी वळती का? वारं तर न्हाई."

नाना उभे राहिले होते. त्यांचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला. "विहिरीवानी वळतीय," ते म्हणाले. "भिंत सुटली न्हाई तिची."

कालवा सरळ असतो, बरं का. कालव्यात पोर नाकासमोर पोहायला शिकतं. आदेश शिकला. हिला मी आणि नानांनी विहिरीत गरगर फिरवलं आणि तिथंच थांबवलं. मग सहा महिने पुन्हा त्याच विहिरीत, डावीकडे. तिच्या अंगानं तिला जे शिकवलं होतं तेच केलं.

"उजवीकडं घे! आगं, उजवीकडं!" म्हणत नाना पाण्याकडे धावले. सत्तरीचा माणूस, ओल्या दगडावरून पाय घसरला आणि धाडकन बसले. मी त्यांच्या खाली दगडावर आपटलो. नानांना काही झालं नाही. आदेशनं त्यांना उचललं, कपडे झटकले. पण मला आतून 'टिक' असा आवाज ऐकू आला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटी लहान होडीतल्या माणसानं शिट्टी मारून तिला वळवलं. पाण्यातून बाहेर आली तेव्हा अडुसष्ट मिनिटं झाली होती. सत्तर झाली असती तर तिथंच थांबवलं असतं. पंचावन्नचं अडुसष्ट. तिनं आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, धावत जाऊन सायकल काढली आणि गेली.

पुढचं सगळं मला आदेशच्या फोनमधून कळलं. तो मधेमधे गाडी घेऊन रस्त्यावर जाऊन यायचा. आळेफाट्याला दिसली, बेल्ह्याच्या चढाला दिसली. बेल्ह्यात बाजारतळापाशी चहाच्या टपरीवरची माणसं उठून टाळ्या वाजवत होती म्हणाला, "चला ताई, लई भारी!" म्हणत होती. नाना माझ्या जाळीच्या गाठी चाचपत बसले. बेल्ह्याचं नाव निघालं की त्यांच्या मनात काय येत असेल ते मला माहीत होतं. सायकल छान झाली तिची. मग पळायला लागली. ऊन चढलं. चौदाव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला. सुदर्शन रस्त्याच्या कडेनं पाण्याची बाटली घेऊन तिच्यासोबत चालत होता. हात लावायचा नाही असा नियम होता, म्हणून हात मागे बांधून चालत होता.

साडेतीनला वेळ संपणार होती. शेवटच्या रेषेवर हवा भरून उभी केलेली मोठी कमान होती. नाना तीन वाजल्यापासून तिच्याखाली उभे, मला पोटाशी धरून. तीन वीस. तीन पंचवीस. एकेक जण यायचा, गळ्यात पदक पडायचं, फोटो निघायचा. साडेतीनला कर्णा वाजला. एका पोरानं कमानीच्या पंख्याचं बटण बंद केलं.

"ओ पावणं, थांबा की राव!" नाना म्हणाले. "माझी पोरगी येतीय."

"काका, वेळ संपली. सगळ्यांना सारखाच नियम आहे."

"नियम ऱ्हाऊ द्या तुमचा. पदक नका दिऊ. पर कमान तेवढी धरा थोडा वखत."

तो पोरगा वाईट नव्हता. त्यानं पुन्हा बटण चालू केलं आणि घड्याळाकडे बघत उभा राहिला. मंडपातल्या खुर्च्या आवरायला घेतल्या होत्या. सात मिनिटांनी वळणावर वृषाली दिसली. पळणं म्हणता येणार नाही त्याला, एक पाय ओढत येत होती. रेषेवरच्या दहा-बारा माणसांनी टाळ्या वाजवल्या. तिनं रेषा ओलांडली, गुडघ्यावर हात टेकले आणि विचारलं, "किती?"

"तीन सदतीस, मॅडम," श्रेया नावाची एक स्वयंसेविका म्हणाली. "सॉरी मॅडम. पण तुम्ही पूर्ण केलंत." तिच्या हातात पदक नव्हतं, म्हणून तिनं केळं दिलं.

यादीत वृषालीचं नाव लागलं नाही. पाण्यात तेरा मिनिटं गेली होती आणि सात मिनिटांनी वेळ हुकली होती. हा हिशोब तिथं कुणी मोठ्यानं केला नाही. नानांनी मनात केला होता, मला ठाऊक आहे.

सगळे एका बाभळीखाली बसले. साळुबाई लेकीच्या पोटऱ्या चोळत होत्या. "झालं ना पुरं? मंग झालं तर. पदक का चाटायचंय?" असं म्हणत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. वृषाली हसत होती, पण हातातलं केळं तिनं सोललं नव्हतं. सहा महिने पहाटे चारला उठलेलं शरीर होतं ते.

नाना तिच्यासमोर खाली बसले. मला टॉवेलातून काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

"वृषाली, मी एक खोटं बोललो व्हतो तुला. तू ल्हान व्हतीस. त्या दिवशी ह्या भोपळ्याला..." त्यांनी माझ्यावर हात ठेवला. "ह्याला चीर न्हवती, बाय."

वृषाली माझ्यावरून बोट फिरवत होती. तसंच, जाळीच्या एकेका घरातून. देठाच्या खाली तिचं बोट थांबलं.

"आता पडलीय, नाना," ती म्हणाली. "ही बघा. तवा न्हवती."

नानांनी मान वर केली. "तुला कसं ठावं?"

"मी बघितलं व्हतं. त्याच दुपारी, गव्हानीवर चढून. सगळीकडनं बघितलं. कुठंच चीर न्हवती."

"मंग बोलली का न्हाईस? येवढी वर्सं? भांडायचं तरी!"

तिनं मला दोन्ही हातांनी धरलं होतं.

"मला वाटलं, तुमीच परत बांधाल. दर उन्हाळ्यात वाट बघितली मी."

म्हणजे ती माझ्यावर रुसली नव्हती! गव्हाणीच्या कडेला बसून ती वाट बघत होती. आणि नाना धार काढत होते, त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. त्यांनी तोंडावर टॉवेल घेतला आणि बाभळीखाली लहान पोरासारखे रडले. वृषालीनं त्यांचा हात धरला, पण 'असू दे' म्हणाली नाही. मला ते बरं वाटलं. असू दे म्हणण्यासारखं ते नव्हतंच.

आता मी मंचरला असतो, वृषालीच्या लॅबमध्ये, खिडकीच्या वर. माझ्या चिरेवर तिनं पेशंटच्या हाताला लावतात ती पांढरी चिकटपट्टी लावलीय. रक्त द्यायला आलेली लहान पोरं माझ्याकडे बघतात तोवर सुई टोचून होते. तेवढा उपयोग आहे माझा. माझ्या पोटातल्या चार बिया तिनं चिरेतून काढून कुंडीत लावल्या. इतकं जुनं बी, उगवायचं नाही, हे मी तिला सांगू शकलो असतो. ती अजून रोज पाणी घालते.

रविवारी ती कालव्यात पोहते. पुढच्या जानेवारीसाठी नाव दिलंय. नाना काठानं तिच्यासोबत चालतात, "सरळ, सरळ" म्हणत. पहिल्या पुलापर्यंत जातात, मग गुडघा धरतो, तिथं बसतात. ती पुढं एकटी जाते. चाळिसाव्या वर्षी कालवा शिकतेय बाई. शिकेल. पण अकराव्या वर्षीचा कालवा वेगळा असता, तो नानांना आता कितीही चाललं तरी देता यायचा नाही.

आणि माझं म्हणाल, तर माझ्या नावावरचा डाग गेला. पण डाग गेला त्याच दिवशी चीर पडली. मी आता पाण्यात गेलो तर बुडेन. वाहतं पाणी कसं असतं, ते माझ्या भावाला माहीत होतं. मला कधीच कळायचं नाही.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. लेकराला नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. ते रडेल, भांडेल, उद्या पुन्हा विचारेल. पण भोपळा फुटलाय असं सांगू नका. लेकरं गव्हाणीवर चढून बघतात.